गामिनीचा न्याय

डावपेचांच्या संगणकीय खेळांबद्दलचे एक मत आता इतके रुजले आहे की ते केवळ एक मत आहे, याचाच विसर पडला आहे. खेळात मेलेले पात्र कायमचे मेले पाहिजे हा नियम म्हणजे जुन्या काळची निर्दय खोड आहे, ज्यांना ती सोसवते त्यांनी खुशाल सोसावी, पण खेळाचा आनंद घ्यायचा तर मेलेले परत आले पाहिजेत, असे हे मत. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतल्या खानदेशी घरांतली जी पिढी मोबाइलवर खेळत मोठी झाली, तिला याहून वेगळे काही असू शकते हेच ऐकून नवल वाटते. तिच्या हातातल्या अनेक खेळांत पात्र मेले की पडद्यावर एक बटण उमटते: जाहिरात पाहा किंवा पैसे भरा, आणि पुढे चला. मरण म्हणजे तिथे टोलनाका. मला हे मत चुकीचे वाटते. ते का चुकीचे आहे आणि त्या जागी काय मानावे, हे इथे मांडायचे आहे.

आधी खेळ कोणते ते सांगायला हवे. चौकटींचा पट, दोन बाजू आणि आळीपाळीने चाल, इथपर्यंत हे खेळ बुद्धिबळासारखे. पण इथल्या प्रत्येक मोहऱ्याला नाव असते, चेहरा असतो, स्वभाव असतो, आणि लढाईगणिक त्याचे कसब वाढते. नवखा म्हणून आलेला गडी पंधरा लढायांनंतर आपला आधारस्तंभ होतो. एप्रिल १९९० मध्ये जपानात निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रावर ‘फायर एम्ब्लेम’चा पहिला भाग आला. तो इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने बनवला आणि त्याची कल्पना शोझो कागा यांची. त्यात लढाईत पडलेला गडी, एखादा दुर्मिळ अपवाद सोडला तर, पुढच्या लढाईत येत नसे. १९९४ साली ज्युलियन आणि निक गोलॉप या इंग्रज भावांनी ‘एक्स-कॉम’ मालिकेचा पहिला खेळ केला. त्यात परग्रहवासीयांशी लढणाऱ्या सैनिकांना खेळाडू हवे ते नाव देऊ शकत असे. लोक आपल्या मित्रांची, भावंडांची नावे देत, आणि तो सैनिक पडला की ते नाव यादीतून कायमचे जाई.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला किंमत राहत नाही. म्हणून तो त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो. त्याची पाच कलमे आहेत. पहिले, हा नियम म्हणजे निव्वळ काठिण्य. ज्यांना आपल्या चिवटपणाचा अभिमान मिरवायचा आहे त्यांच्यासाठी तो ठीक, बाकीच्यांसाठी नाही. दुसरे, तो पाळलाच जात नाही. गडी मेला की खेळाडू खेळ बंद करतो आणि आधी जपून ठेवलेल्या नोंदीवरून तीच लढाई पुन्हा सुरू करतो, म्हणजे नियमाने साधतो तो फक्त वेळेचा अपव्यय. तिसरे, या खेळांत वार लागणे न लागणे संभाव्यतेवर असते, म्हणून खेळाडूची चूक नसतानाही गडी मरतो, आणि हा अन्याय आहे. चौथे, कथेचे नुकसान होते. जो गडी कधीही मरू शकतो त्याला लेखक पुढच्या प्रकरणात बोलायला लावू शकत नाही, म्हणून बहुतेक पात्रे मुकी राहतात. पाचवे, दुःख मिळवण्यासाठी कुणी खेळत नाही.

या पाचांना विक्रीचा पुरावा जोडला जातो, आणि तो वजनदार आहे. २०१० साली जपानात निघालेल्या एका भागात ‘फायर एम्ब्लेम’ने पहिल्यांदा ‘कॅज्युअल’ हा पर्याय दिला. त्यात पडलेले गडी लढाई संपल्यावर परत येत. २०१२ सालच्या ‘अवेकनिंग’ या भागाने तो पर्याय जगभर नेला. विक्री अडीच लाखांच्या वर गेली नाही तर मालिका बंद, अशी ताकीद मिळाली होती, असे मालिकेच्या निर्मात्यांनीच पुढे सांगितले. तो खेळ त्याच्या कित्येक पट खपला आणि मालिका वाचली. त्यावरून निष्कर्ष काढला गेला की कायमचे मरण मालिकेला मारत होते आणि त्यातून सुटका झाल्यावर ती जगली.

हा पुरावा आधी तपासू. ‘अवेकनिंग’मध्ये दोन्ही पर्याय होते, जुना नियम काढून टाकलेला नव्हता. शिवाय त्याच २०१२ साली फिरॅक्सिस या संस्थेने ‘एक्स-कॉम’ नव्याने काढला. ती अनेक वर्षे निपचित पडलेली मालिका होती. या नव्या खेळात कायमचे मरण हाच मूळ नियम होता. सैनिकांच्या तळावर मेलेल्यांच्या नावांची स्मृतिभिंतही होती. हा खेळही गाजला, त्यानेही मालिकेला पुन्हा उभे केले. एकाच वर्षी दोन मालिका पुन्हा जगल्या, एक मरण सैल करून आणि एक मरण तसेच ठेवून. तेव्हा जगण्याचे कारण मरणाच्या नियमात शोधणे चूक आहे. विक्रीचा पुरावा कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

आता पहिले कलम, काठिण्याचे. इथे आपल्या मातीतला एक खेळ फार मोलाची साक्ष देतो. हुतुतू किंवा कबड्डी जुन्या काळी तीन नियमांनी खेळली जाई, आणि तिन्हींना वेगवेगळी नावे होती. संजीवनीत समोरचा एक गडी मेला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन पटांगणात येई. अमरमध्ये मेलेला गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत मात्र मेलेला गडी मेलेलाच राही. आपल्या बाजूचे सगळे गडी मरेपर्यंत त्याला कडेला बसून पाहावे लागे. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय सामने भरवले, तेव्हापासून या खेळाला हळूहळू एकच शिस्त येत गेली, आणि आजच्या कबड्डीत संजीवनीचे तत्त्व टिकले आहे.

या तीन नावांत जो विचार आहे तो आजच्या खेळसमीक्षेत हरवला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी गामिनीला ‘कठीण हुतुतू’ म्हटले नाही आणि अमरला ‘सोपी हुतुतू’ म्हटले नाही. त्यांनी त्यांना तीन खेळ मानले, आणि ते बरोबर होते. अमरमध्ये जपण्यासारखे काही नाही, तिथे धाडसाला मोकळे रान. संजीवनीत प्रत्येक चढाई दुहेरी असते, मारायला जाताना आपण आपल्या माणसाला उठवायलाही जात असतो. गामिनीत मोजणी सगळ्यात पुढे येते: किती उरले, कोण उरले, कुणाला आता पाठवायचे आणि कुणाला शेवटपर्यंत राखायचे. कौशल्य तेच, दम तोच, पण मन निराळ्या गोष्टीत गुंतते. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतही हे तिन्ही सापडतात. ‘क्लासिक’ हा कायमच्या मरणाचा पर्याय म्हणजे गामिनी. ‘कॅज्युअल’ संजीवनीच्या जवळचा. २०१५ च्या ‘फेट्स’मध्ये ‘फिनिक्स’ नावाचा पर्याय आला, त्यात पडलेला गडी पुढच्याच पाळीला उठतो, तो जवळजवळ अमर. यांना एकाच शिडीच्या पायऱ्या समजणे ही पहिल्या कलमाची मूळ चूक. गामिनीची गोडी काठिण्यात असती, तर शत्रूचे बळ दुप्पट करूनही ती मिळाली असती. ती तशी मिळत नाही.

दुसरे कलम: नियम पाळला जात नाही. घटना खरी आहे, अर्थ चुकीचा लावला आहे. चाळीस मिनिटांची लढाई जिंकत आली असताना एक गडी पडतो, आणि खेळाडू ती सगळी लढाई टाकून देऊन पहिल्यापासून सुरू करतो. हा माणूस काय सांगतो आहे? विजयापेक्षा तो गडी मला महत्त्वाचा आहे, आणि त्यासाठी चाळीस मिनिटांचा दंड भरायला मी तयार आहे, असे तो सांगतो आहे. मेलेले परत येणाऱ्या खेळात कुणी एका गड्यासाठी जिंकलेली लढाई टाकत नाही, कारण टाकण्याजोगे काही घडलेलेच नसते. म्हणजे पुन्हा सुरू करणे हा नियम निष्फळ असल्याचा पुरावा नाही, नियम मनात खोलवर पोचल्याचा पुरावा आहे.

निर्मात्यांनाही हे उमगलेले दिसते. १९८१ सालच्या ‘विझार्ड्री’त मेलेल्याला देवळात नेऊन पैसे देऊन उठवता येई, पण विधी फसू शकत असे. फसला की देहाची राख होई, आणि राखेवरचा विधीही फसला तर गडी कायमचा गेला. तिथेही उठवण्याची किंमत होती आणि खात्री नव्हती. २०१२ च्या ‘एक्स-कॉम’ने ‘आयर्नमॅन’ हा पर्याय दिला, त्यात एकच नोंद राहते आणि मागे जाण्याचा रस्ता बंद असतो. याउलट ‘फायर एम्ब्लेम’च्या २०१७ सालच्या ‘शॅडोज ऑफ व्हॅलेन्शिया’ने आणि २०१९ च्या ‘थ्री हाउसेस’ने काळ मागे फिरवण्याची शक्ती खेळाडूला खेळाच्या आतच दिली, पण मोजून दिली, एका लढाईत काही वेळाच वापरता येईल इतकी. बाहेरून चोरून केली जाणारी गोष्ट त्यांनी नियमात आणली आणि तिला मर्यादा घातली. चाल परत घेण्याला किंमत येते ती परत घेणे संपू शकते म्हणूनच.

तिसरे कलम नशिबाचे. सुरतेने नशिबाचा विचार फार आधी केला आहे. पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल घेऊन निघालेले जहाज बंदरात सुखरूप पोचले तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. समुद्र अन्यायी आहे अशी तक्रार करून व्यापार होत नसे. जहाज बुडू शकते हे धरून दर ठरे, आणि बुडाले तरी पेढी उभी राहील अशी मांडणी करावी लागे. वादळ कुणाच्या हातात नव्हते, वादळाआधीची मांडणी हातात होती.

या खेळांतले नशीब नेमके असेच आहे. वार करण्याआधी तो लागण्याची शक्यता पडद्यावर लिहिलेली असते, शत्रू कुठवर पोचू शकतो तेही पाहता येते. इतकेच नाही, २००२ सालच्या ‘बायंडिंग ब्लेड’मध्ये ‘फायर एम्ब्लेम’ने शंभरातला एक आकडा काढण्याऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेण्याची पद्धत आणली. तिच्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसणारा वार प्रत्यक्षात ९८ टक्क्यांहून अधिक वेळा लागतो, आणि १० टक्के दिसणारा धोका जेमतेम २ टक्के उरतो. पारडे खेळाडूकडे मुद्दाम झुकवलेले आहे. पण समजा ते झुकवलेले नसते आणि ९० म्हणजे खरोखर ९० असते. ९० टक्क्यांचा डाव सलग दहा वेळा खेळला तर दहाही वेळा यश येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्केच राहते. जो खेळाडू ‘नव्वद आहे की’ म्हणत आपल्या माणसाचा जीव दर पाळीला पणाला लावतो, त्याचा माणूस केव्हातरी जाणारच, आणि त्याला मारणारे नशीब नसून ती सवय आहे. वार चुकला तरी गडी वाचेल अशी मांडणी करणे, ही या खेळाची खरी विद्या. मेलेले परत येत असतील तर ही विद्या शिकण्याचे कारणच उरत नाही.

चौथे कलम कथेचे. मरू शकणारे पात्र पुढे बोलू शकत नाही हे खरे. कथेसाठी अत्यावश्यक असलेल्या काही पात्रांना निर्माते ‘जखमी होऊन मागे हटला’ असे म्हणून वाचवतात, आणि तिथे शिवण उघडी पडते हेही खरे. पण कथा म्हणजे फक्त लेखकाने आधी लिहून ठेवलेले संवाद, हे गृहीत कुठून आले? ‘फायर एम्ब्लेम’च्या अनेक भागांत शेवटी प्रत्येक गड्याचे पुढे काय झाले ते सांगितले जाते. कुणी गावी परतून शेती केली, कुणी राज्य केले, आणि जे मेले त्यांच्या नावापुढे ते कोणत्या लढाईत पडले तेवढेच. दोन खेळाडूंच्या या याद्या एकसारख्या निघत नाहीत. ती त्यांनी आपल्या निर्णयांनी लिहिलेली बखर असते. १९९७ च्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये पडलेल्या गड्याच्या डोक्यावर तीनपासून उलटी मोजणी सुरू होते. ती संपेपर्यंत त्याला उठवले नाही तर तो कायमचा जातो, पण कधी कधी मागे एक स्फटिक उरतो, आणि त्यातून त्याचे कसब दुसऱ्या गड्याला घेता येते. २०२१ च्या ‘वाइल्डरमिथ’मध्ये पडणाऱ्या वीरापुढे खेळ दोन वाटा ठेवतो: अंगाला कायमचे व्यंग घेऊन मागे हटायचे, की शेवटचा मोठा घाव घालून जीव द्यायचा. ही कथाच आहे, आणि मरण पक्के आहे म्हणूनच ती आहे.

मराठी माणसाला तर हे समजावून सांगावे लागू नये. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि मागून येणाऱ्या फौजेला बाजीप्रभूंनी खिंडीत रोखून धरले. ‘लाख मरोत, पण लाखांचा पोशिंदा मरू नये’ ही म्हण त्या प्रसंगाचे गणित सांगते, आणि ‘फायर एम्ब्लेम’चा नियमही तोच आहे: नायक पडला की डाव संपतो, इतर कुणी पडले तर डाव पुढे चालतो. पण आपण साडेतीनशेहून अधिक वर्षे जपले आहे ते गणित नव्हे. आपण जपले आहे बाजीप्रभूंचे नाव, आणि ती खिंड पावन झाली ती ते परत येणार नव्हते म्हणून. दुसऱ्या दिवशी ते छावणीत पंक्तीला हजर असते, तर खिंड म्हणजे वाट अडवण्याची एक चांगली युक्ती एवढेच उरले असते. खेळातही पुलाच्या तोंडाशी एक गडी उभा करून बाकीच्यांना बाहेर काढण्याची वेळ येते. मेलेले परत येत असतील तर ती सोयीची चाल असते. परत येत नसतील तर कुणाला उभे करायचे हा प्रश्न घशाशी येतो, आणि जो उभा राहतो तो स्मरणात राहतो. बलिदान ही गोष्ट खेळात शक्य करणारा दुसरा कोणताही नियम अजून कुणाला सापडलेला नाही.

पाचवे कलम सगळ्यांत खोल आहे: दुःखात कसले सुख? हा प्रश्न मराठीत नवा नाही. शोकांतिका पाहून आनंद कसा होतो, करुण रस हवासा का वाटतो, यावर आपल्या टीकाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण स्वतःची जाणीव सोडत नाही. आपण आपणच राहून दुसरेही होतो, आणि वाङ्मयाचा आनंद या दुहेरी अवस्थेतून येतो, असा तिचा आशय. खेळाडूची अवस्था याहून वेगळी नाही. पटावर मेलेला धनुर्धारी कधी जगलाच नव्हता हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरी त्याला हळहळ वाटते. दुःख नको म्हणून मरण काढून टाकावे असे म्हणणाऱ्याने मग सगळ्या शोकांतिकांचे शेवटही गोड करायला सांगावे लागेल.

पण केळकरांची उपपत्ती आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच नेते, आणि या खेळांचे वेगळेपण उरलेल्या अर्ध्या वाटेत आहे. शोकांतिकेचा प्रेक्षक हळहळतो, पण तो दोषी नसतो. नायकाला त्याने त्या संकटात ढकललेले नसते. इथे त्या धनुर्धाऱ्याला एक चौकट पुढे सरकवणारा हात खेळाडूचा स्वतःचा असतो. हळहळीत जबाबदारी मिसळते. प्रेक्षकाला मिळू न शकणारी ही भावना कादंबरी देऊ शकत नाही, नाटक देऊ शकत नाही, चित्रपट देऊ शकत नाही. खेळ या कलेची स्वतःची अशी जी काही मिळकत आहे, तिच्यात ही फार वरच्या जागी आहे. ती स्वखुशीने टाकून द्या म्हणणे म्हणजे कलेला तिच्या सर्वांत खास गुणापासून तोडणे.

इथून मंडनाला सुरुवात होते. माझा सिद्धान्त असा की कायमचे मरण आणि आळीपाळीची चाल या दोन गोष्टी एकमेकींसाठी बनल्या आहेत, आणि त्यांच्या जोडीतून निर्माण होते ती संपूर्ण जबाबदारी. धावपळीच्या खेळात पात्र मेले तर बोट चुकले, क्षणभर लक्ष हलले, इंटरनेट अडकले, अशा सबबी असतात, आणि त्या खऱ्याही असतात. आळीपाळीच्या खेळात पट थांबून राहतो. हवा तितका वेळ विचार करा, सगळे आकडे समोर आहेत, कुणी घाई करत नाही. इतकी सवड मिळूनही जो निर्णय घेतला तो पूर्णपणे आपला. आणि तो परत घेता येत नाही, म्हणून त्या सवडीला अर्थ येतो. नुसती सवड असती तर आळस झाला असता, नुसता अटळपणा असता तर जुलूम झाला असता. सुरतेच्या हिरे-कारखान्यात रफ दगडाचा आराखडा ठरवणारा कारागीर असाच बसलेला असतो. यंत्राने दगडाच्या आतला प्रत्येक डाग दाखवलेला असतो, वजन राखायचे की शुद्धता याचे अनेक पर्याय पडद्यावर असतात, तो ते फिरवून फिरवून पाहतो, कारण एकदा लेझर चालला की दोन तुकड्यांचा पुन्हा एक दगड होत नाही. त्या कारागिराची एकाग्रता ही त्या न परतणाऱ्या छेदाने दिलेली देणगी आहे.

या जबाबदारीचे एक फळ मला सगळ्यांत मोलाचे वाटते. मेलेले परत येत असतील तेव्हा पाळी सुरू होताच खेळाडूची नजर शत्रूवर जाते: कुणाला मारता येईल? मेलेले परत येत नसतील तेव्हा नजर आधी आपल्या सर्वांत दुबळ्या गड्याकडे जाते: हा उघड्यावर तर पडला नाही ना? औषधे वाहणारी मुलगी, म्हातारा सरदार, काल सामील झालेला पोरगा, यांच्यापासून विचार सुरू होतो, आणि आक्रमणाची आखणी त्यांच्या सुरक्षिततेभोवती होते. एका नियमाने लढाईचा खेळ सांभाळण्याचा खेळ होतो. ज्याला क्रूर म्हटले जाते तो नियम माणसाला असा काळजी घ्यायला लावतो, हे मी त्याच्या टीकाकारांनी शांतपणे तपासून पाहावे म्हणतो. मरण स्वस्त असलेल्या खेळात क्रूरता खरी शिरते. तिथे आपण आपल्याच माणसांना शत्रूचा बाण संपवण्यासाठी पुढे ढकलतो आणि त्याचे काहीच वाटत नाही.

आणि मोबाइलवरच्या त्या बटणाकडे पुन्हा पाहू. मरण विकत परत घेता येते तिथे खेळ बनवणाऱ्याचा फायदा पात्रे वारंवार मरण्यात असतो. खेळाडूची हळहळ ही त्याच्यासाठी मागणी असते आणि जिवंत करणे हा माल. कायमचे मरण हे विकता न येणारे मरण आहे. ज्या नियमातून कुणाला पैसा काढता येत नाही, त्याला लोभाच्या काळात ‘जुनाट’ ठरवले जावे, हे समजण्यासारखे आहे. आपण मात्र ते ठरवणे उसने घेऊ नये.

दोन गोष्टी मी पूर्वपक्षाला देतो. एक, हा नियम वाईट रीतीने राबवता येतो. अनुभवी गडी गेले की दुबळा झालेला संघ पुढची लढाई हरतो, त्यात आणखी गडी जातात, आणि तासन्‌तास खेळलेला डाव हळूहळू बुडतो. ज्या खेळात नुकसान भरून काढण्याची वाटच नाही, तिथे खेळाडू जुन्या नोंदीकडे पळाला तर दोष त्याचा नाही. चांगले खेळ ही वाट ठेवतात. ‘फायर एम्ब्लेम’ वाटेत नवे साथीदार देत राहतो. २०१६ चा ‘एक्स-कॉम २’ तर आधीच्या खेळात माणसे हरली, असे धरूनच कथा सुरू करतो, म्हणजे हरण्यानंतरही गोष्ट असते हे तो मुळातच मान्य करतो. दोन, पर्याय असावेत. बारा तास लूमवर उभे राहून आलेल्या माणसाला अर्धा तास मन रमवायचे असेल, तर त्याने अमर खेळावे. त्यात कमीपणा कसलाही नाही, आणि जो त्याला हिणवतो तो गामिनीचाही मित्र नव्हे.

पण पर्याय देताना त्यांना सोपा आणि कठीण अशी नावे देऊ नयेत. हुतुतूने दिली तशी प्रत्येकाला स्वतःची नावे द्यावीत आणि प्रत्येकाचे सुख काय ते सरळ सांगावे. गामिनीचे सुख वेदनेत नाही, मिरवण्यात नाही, जिंकण्यातही नाही. आपल्या हाती सोपवलेल्या माणसांची गणती मनात सतत जागी राहण्यात ते आहे. म्हणून ज्याने हा खेळ कधी त्या नियमाने खेळला नाही, त्याला माझे एवढेच सांगणे: एक डाव असा खेळावा की पहिला गडी पडल्यावर मागे फिरायचे नाही, तो गेला हे स्वीकारून शेवटपर्यंत जायचे. पुढच्या प्रत्येक पाळीला उरलेल्यांकडे आपण किती वेगळ्या नजरेने पाहतो हे त्याच्या लक्षात येईल, आणि पूर्वपक्षाचे उरलेसुरले उत्तर त्याचे त्यालाच मिळेल.